हवा घेणारी गाडी

१

डिझेलची गाडी चालता चालता बंद पडली तर कारणं दोनच. एक तर इंजिनपर्यंत डिझेल पोचत नाही, नाहीतर गाडीनं कुठून तरी हवा घेतली. तिसरं कारण नसतं. चाळीस वर्षं मी हेच सांगत आलो, आणि काम सोडून घरी बसल्यावर माझ्याच अंगणातल्या गाडीनं मला पार वेड्यात काढलं.

गाडी म्हणजे जुनी पिकअप, बावीस वर्षांची. इंजिन सीटखाली असतं ना, त्यातली. इंजिन मीच उघडून, मीच बांधलेलं. चालवायची सूनबाई. घरामागच्या शेडमध्ये तिची लाँड्री होती. दोन लॉज आणि एका हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे, टॉवेल. सकाळी मळके गठ्ठे आणायचे, दुसऱ्या दिवशी इस्त्री करून पोचवायचे. मुलगा जहाजावर, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मी, आमची ही आणि सूनबाई.

एका सकाळी अकराच्या सुमाराला सूनबाई पायी घरी आली. कपाळावर घाम, हातात चावी.

"बाबा, पडली बंद."

"कुठे?"

"सिग्नलला. मागे बस होती, थोडक्यात वाचले."

मी पान्यांची पिशवी उचलली. जाऊन बघतो तर गाडी रस्त्याच्या कडेला ढकलून ठेवलेली. बसलो, चावी फिरवली. अर्ध्या फेऱ्यात सुरू. दुकानाच्या पायरीवरची दोन माणसं आधी माझ्याकडे बघून हसली, मग सूनबाईकडे. बाईमाणसाला जमलं नसेल, असं ते हसू होतं. तिनं ओठ आवळले आणि खिडकीतून बाहेर बघत बसली.

"डिझेल संपल्यासारखी झाली," ती घरी येताना म्हणाली. "आधी दोन आचके दिले, मग गप्प."

"फिल्टर चोंदला असेल," मी म्हणालो. "तासाभराचं काम."

२

तासाभराचं काम पाच आठवडे चाललं.

फिल्टर बदलला. तीन दिवसांनी परत बंद. टाकीपासून पंपापर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या, क्लिपा नव्या लावल्या. आठवडाभर गाडी गुणी बाळासारखी चालली आणि पुलाच्या चढावर बंद पडली. मागच्या टँकरनं कसंबसं वळवून घेतलं, पण बाजूचा आरसा उडवला. सूनबाईनं घरी येऊन आरशाची तुटकी चौकट माझ्यापुढे ठेवली आणि शेडमध्ये निघून गेली.

मग मी फीड पंप बदलला. टाकी उतरवली, धुतली, उन्हात वाळवली, बॅटरीच्या उजेडात आतून बघितली. आरशासारखी लख्ख. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बघितलं, मोकळं होतं. शेवटी टाकीच बाजूला काढली. पाच लिटरचा कॅन हौद्यात उंचावर बांधला आणि त्यातून थेट डिझेल दिलं. म्हणजे टाकीचा संबंधच उरला नाही.

तरीही बंद पडली. कॅन अर्धा भरलेला.

वैताग कशाचा, तर माझ्यासमोर ती एकदाही बंद पडायची नाही. डॉक्टरच्या दारात पोचल्यावर दाढ दुखायची थांबते ना, तसं. मी चालवायला घेतली की पन्नास किलोमीटर न कुरकुरता जायची. मी हातपाय धुऊन जेवायला बसलो की सूनबाईचा फोन.

"त्या गाडीशी जेवढं बोलता तेवढं माझ्याशी बोलला असतात," ही वाढता वाढता म्हणाली, "तर संसार सुखाचा झाला असता."

"तू बंद पडत नाहीस ना," मी म्हणालो. ही हसली. मला हसू आलं नाही.

मी सूनबाईला एक जुनी डायरी दिली. प्रत्येक वेळी लिहायचं. जागा, वेळ, गिअर कुठला, माल किती, टाकीत डिझेल किती. पोरगी शिकलेली, तिनं नेटकेपणानं लिहिलं. पण नको ते जास्त. 'सिग्नल, दुसरा गिअर, अर्धा माल. कुत्रं आडवं आलं.' 'हॉस्पिटलचं गेट, पहिला गिअर, रिकामी. वॉचमननं सांगितलं, तिसऱ्या मजल्यावरची छोटी पेशंट गेली.' 'कचरा डेपो, तिसरा गिअर.' पुन्हा 'कचरा डेपो, तिसरा गिअर.'

"अगं, कुत्र्याचं काय लिहितेस? इंजिनाचं लिही."

"तुम्हीच म्हणालात ना बाबा, सगळं लिही."

रात्र रात्र नाही, पण दुपारच्या दुपारी मी त्या डायरीत डोकं घालून बसलो. भरलेली असताना बंद, रिकामी असताना बंद. चढावर बंद, सपाटीवर बंद. गरम, गार, टाकी फुल, टाकी अर्धी. कशाचा कशाला मेळ नाही. मुलाचा जहाजावरून फोन आला की तो आडून आडून विचारायचा, "बाबा, दुसऱ्या कुणाला दाखवायची का?" मी फोन हिच्या हातात द्यायचो.

३

हवा येते की नाही हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एकच उपाय. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळी लावायची. बुडबुडे दिसले की हवा. मी दोन हात लांब नळी आणली, तिचं वेटोळं सीटशेजारच्या झाकणातून वर केबिनमध्ये घेतलं आणि मांडीवर धरून सूनबाईच्या शेजारी बसलो.

"सलाईन लावल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली.

"समोर बघ आणि चालव."

अर्धा तास फिरलो. नळी काठोकाठ भरलेली, डिझेल मधासारखं स्वच्छ. एक बुडबुडा नाही. भाजी बाजारापाशी एक स्कूटर गल्लीतून सरळ आमच्या पुढ्यात आली. सूनबाईनं ब्रेक दाबला, "आं" करून श्वास आत ओढला.

माझे डोळे नळीवर होते. डिझेल मागे सरकलं. चार बोटं मागे जाऊन थांबलं. पुढची नळी रिकामी, आणि त्या रिकाम्या जागेत बुडबुडा नाही, फेस नाही, काही नाही. इंजिननं दोन आचके दिले आणि बंद पडलं.

स्कूटरवाला हात दाखवून निघून गेला. सूनबाईनं श्वास सोडला. "मेला! डोळे आहेत की..."

डिझेल पुढे आलं. हळूच, आपणहून. चार बोटं, पंपाच्या तोंडापर्यंत.

इंजिन बंद होतं. बंद इंजिनचा पंप काही ओढत नाही. मी नळी बोटांनी चाचपली. कुठे मुरगळलेली नव्हती.

"दिसलं काही?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. मला जे दिसलं ते मेकॅनिकच्या भाषेत बसत नव्हतं.

४

त्या दुपारी मी तिला डायरी घेऊन समोर बसवलं.

"कचरा डेपोला चार वेळा बंद पडली. तिथे चढ नाही, खड्डा नाही. तू काय करतेस तिथे?"

"काय करणार? नाक बंद करते. असली घाण येते, की डेपो संपेपर्यंत श्वासच घेत नाही मी."

मी डायरीची पानं उलटली. कुत्रं आडवं आलं. वॉचमननं सांगितलं. पुलाच्या चढावर? आठवून ती म्हणाली, "शिंक येत होती. येता येत नव्हती."

मी उठलो. माझं मलाच हसू येत होतं. या वयात, या डोक्यानं, असं काहीतरी. पण तपासल्याशिवाय सोडणं स्वभावात नाही. अंगणात गाडी सुरू केली, तिला सीटवर बसवलं.

"श्वास रोख."

तिनं गाल फुगवले. दोन आचके. बंद.

पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. पाच वेळा, पाचही वेळा. मग मी बसलो आणि डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत श्वास धरला. इंजिन खुशाल चालत राहिलं.

"श्वास रोखला की माणूस अंग आखडतो," मी मोठ्यानं म्हणालो, तिला की स्वतःला कोण जाणे. "तुझा पाय कुठेतरी दाब देत असेल. वायर असेल खाली." सीटवर चादरींचा गठ्ठा ठेवला आणि तिला अंगणात दहा पावलांवर उभं केलं. बंद. तिला शेडमध्ये पाठवलं, भिंतीपलीकडे, आणि सांगितलं की तुझ्या मनाला येईल तेव्हा रोख, मला सांगू नकोस. मी घड्याळ धरून बसलो. सहा मिनिटं इंजिन चाललं, मग दोन आचके. ती दारात येऊन उभी राहिली.

"आत्ताच रोखला होता," ती म्हणाली. आणि मग हसायला लागली. "म्हणजे गाडीनं माझ्यावर जीव लावलाय, बाबा!"

मी क्लिप घट्ट करायच्या निमित्तानं खाली वाकलो.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, की हे सगळं बाजूला ठेवायचं आणि पहिल्यापासून, पुस्तकाप्रमाणे तपासायचं. पहिली साधी तपासणी म्हणजे नळी दाबायची. डिझेल तोडलं की इंजिन दहा-बारा सेकंद चालतं आणि बंद पडतं. ते किती वेळ तग धरतं यावरून पंपाची तब्येत कळते.

गाडी सुरू केली. पारदर्शक नळी दुमडली आणि तिच्यावर लॉकची पक्कड लावून सोडून दिली, म्हणजे हात मोकळे. घड्याळ बघितलं.

दहा सेकंद. पंधरा. वीस.

इंजिन बंद पडेना. उलट आवाज सुधारला. बावीस वर्षांत त्या इंजिनचा इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता. ना खडखड, ना धूर. पक्कड बघितली, घट्ट बसलेली. थेंबसुद्धा पुढे जाणं शक्य नव्हतं. मी खाली वाकून कान लावला. हे चालतंय कशावर? तीस सेकंद झाले. मी, मूर्खासारखा, खूश झालो होतो. काहीतरी सापडतंय असं वाटत होतं.

शेडमध्ये बादली पडल्याचा आवाज आला. मग हिची हाक. "अहो! अहो, इकडे या!"

मी धावत गेलो. सूनबाई ओल्या फरशीवर गुडघ्यांवर होती. तोंड उघडं, दोन्ही हात गळ्याशी. आवाज नाही. खोकला नाही, घरघर नाही, काहीच नाही. छाती हलत नव्हती. ही तिच्या पाठीवर थापा मारत होती. सूनबाईचे डोळे माझ्याकडे वळले. ओठ निळसर पडत चालले होते.

बाहेर इंजिन गोड आवाजात चाललं होतं.

मी परत धावलो. पायात चादरीचा गठ्ठा आला, पालथा पडलो, कोपर फुटलं. तसाच रांगत गाडीपाशी पोचलो. पक्कडीचा खटका बोटांना सापडेना. सापडला. नळी सरळ झाली, डिझेल सपकन पुढे गेलं, आणि शेडमधून जो आवाज आला तो मी जन्मात विसरणार नाही. विहिरीत बुडालेलं माणूस वर आल्यावर जशी हवा ओढतं, तसा.

मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. चावी खिशात घातली आणि शेडकडे परत गेलो.

६

डॉक्टरनं तिची छाती तपासली, फोटो काढला. काही सापडलं नाही. "साबणाची वाफ गेली असेल," तो म्हणाला. नीट तपासूनही दोष सापडला नाही की मी जे गिऱ्हाइकाला सांगायचो तेच त्यानं सांगितलं. जरा जपा, परत झालं तर या.

मी कुणाला काही बोललो नाही. गाडी शेडशेजारच्या पत्र्याखाली उभी केली, बॅटरी काढली, चावी माझ्या उशाखाली. लाँड्रीच्या फेऱ्या शेजारच्या टेम्पोवाल्याकडे दिल्या. सूनबाई ठणठणीत झाली. चार-पाच दिवस मला वाटलं, सुटलो. इंजिन चालू असेल तरच ना? मग चालूच करायचं नाही. झालं.

सहाव्या दिवशी नळी काढायला म्हणून गेलो. दुपारची वेळ, पत्रा तापलेला. केबिनचं दार उघडलं आणि क्लिपेला पाना लावणार, तेवढ्यात दिसलं. नळीतलं डिझेल हलत होतं. दोन बोटं पुढे, दोन बोटं मागे. शांतपणे. बॅटरी नसलेल्या, आठवडाभर बंद असलेल्या गाडीत.

खिडकीतून अंगण दिसत होतं. सूनबाई दोरीवर चादरी टाकत होती. वाकली, उचलली, झटकली. तिच्या खांद्यांबरोबर नळीतलं डिझेल.

मी पाना खाली ठेवला. इंजिन बंद असताना ही नळी काढली तर काय होईल, मला माहीत नव्हतं. करून बघायची छाती नव्हती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी एक क्लिप न उघडता मागे फिरलो, दार तसंच उघडं टाकून.

मुलगा म्हणाला, भंगारात द्या. ही म्हणाली, अंगण मोकळं होईल. सूनबाईनं तर भंगारवाल्याला बोलावलंसुद्धा. तो हातोडी घेऊन आला आणि मी त्याच्या अंगावर असा ओरडलो, की शेजारचे बाहेर आले. त्या दिवसापासून घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले, आजारी माणसाशी बोलतात तसे.

पारदर्शक नळी डिझेलमध्ये फार दिवस राहिली की कडक होते. एका दुपारी बघितलं तर तिचं पंपाकडचं टोक आपोआप निसटलं होतं आणि केबिनच्या उघड्या दारातून बाहेर लोंबत होतं. डिझेल ओघळून गेलेलं, नळी कोरडी. मी घाबरून शेडकडे पळालो. सूनबाई इस्त्री करत होती.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे," ती म्हणाली, आणि माझ्याकडे नको इतकं प्रेमानं बघितलं.

परत येऊन मी नळी डोळ्यांजवळ धरली. आतून तिच्यावर वाफ धरली होती. थंडीत काचेवर तोंडातली वाफ धरते तशी. विरली. परत धरली. विरली. सावकाश लय, आणि दर पाच-सहा वेळेला मधेच एक बारीकसा अडथळा, ठेच लागल्यासारखा. ही लय मला ओळखीची वाटत होती. कुठली ते आठवेना.

७

नळीचं तोंड उघडं ठेवणं भाग होतं, आणि उघड्या तोंडाच्या नळीचा शत्रू एकच, कुंभारीण. मातीचं घर बांधणारी ती लांब कमरेची माशी. तिला बोटभर भोक दिसलं की चिखलाच्या गोळ्या आणून दोन दिवसांत बुजवून टाकते. टाकीच्या हवेच्या भोकात तिनं घर केल्यानं बंद पडलेल्या गाड्या मी किती काढल्या असतील, गणती नाही.

ती त्या आठवड्यात आली. नळीभोवती दोन घिरट्या घातल्या, तोंडावर बसली, आत डोकावली. मी टोपीनं हाकलली. अर्ध्या तासानं परत. कापड बांधावं तर कापडानंच कोंडलं तर? जाळी लावावी तर जाळीवर चिखल. शेवटी मी स्टूल टाकलं आणि तिथेच बसलो. सकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. अंधारात ती येत नाही.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी दुपारी सूनबाई ताट घेऊन तिथेच आली. माझ्या मांडीवर ताट ठेवलं आणि गाडीच्या पायरीवर बसली. घरात आमची ही, भांडी लावता लावता, काहीतरी गुणगुणत होती.

"बाबा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"या गाडीत आहे काय असं? मला त्या दिवशी त्रास झाला, त्याचं तुम्ही मनाला लावून घेतलंय का? अहो, मला काहीही झालेलं नाही. बघा, कशी दणदणीत आहे." बोलता बोलता तिनं लोंबणारं नळीचं टोक हातात घेतलं. लहान मुलं नळाच्या तोंडाशी करतात तसा, सहज, त्याच्यावर अंगठा ठेवला.

माझा हात ताटावरच थांबला. तिचे ओठ निळे पडतात का, तेवढंच मी बघत होतो.

"तुम्ही नीट जेवत नाही, आई रात्री रडतात. तो तिकडे समुद्रावर काळजी करतो. विकायची नसेल तर नका विकू, पण निदान घरात तरी येऊन बसा."

ती बोलत होती. अंगठा नळीवर तसाच, आणि ती बोलत होती, श्वास घेत होती, गालावर आलेले केस फुंकरीनं उडवत होती. तिला काही होत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, संपलं. गाडीनं सोडलं तिला.

मग लक्षात आलं, की घरातलं गुणगुणणं थांबलं आहे.

पस्तीस वर्षं जो श्वास माझ्या उशाशेजारी ऐकला, तो दर पाच-सहा वेळेला मधेच ठेचकाळतो. मी ताट फेकलं आणि सूनबाईचा हात नळीवरून हिसडून काढला.

स्वयंपाकघरातून आवाज आला. तोच, बुडालेल्या माणसाचा. एकदा, दोनदा. मग खोकला. मग बऱ्याच वेळानं हिचा बारीक आवाज, "अगं, जरा पाणी देतेस का? कसंतरीच झालं मला."

सूनबाई उभी राहिली होती. तिनं घराकडे बघितलं. नळीच्या तोंडाकडे बघितलं, जिथे वाफ घाईघाईनं धरत होती आणि विरत होती. मग स्वतःच्या अंगठ्याकडे. अंगठा तिनं दुसऱ्या मुठीत घट्ट धरला. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की शेडमधली ती सकाळ तिला नीट, पहिल्यापासून आठवली आहे.

ती आत गेली. हिला पाणी दिलं, पडायला लावलं. पंधरा मिनिटांनी परत आली तेव्हा तिच्या हातात दुसरं स्टूल होतं. सांडलेला भात तिनं गोळा केला, स्टूल माझ्या शेजारी ठेवलं आणि बसली.  

थोड्या वेळानं कुंभारीण परत आली. सूनबाईनं हात हलवून तिला हाकललं.